त्रेचाळीस माणसांचं एक बोट

चुन्याच्या भट्टीवर राबणाऱ्या त्रेचाळीस जणांची खाती एका सोमवारी गोठली, आणि मंगळवारपासून वस्तीतलं कुणी भट्टीवाल्याच्या बायकोशी धड बोलेनासं झालं.

भट्टीवाला म्हणजे भट्टीचा मालक नव्हे. मालक दूर शहरात राहायचा आणि वर्षातून दोनदा नाकाला रुमाल लावून यायचा. हा आपला आग सांभाळणारा. दगडाचा थर, कोळशाचा थर, पुन्हा दगडाचा थर, असं वीस हात उंच भट्टीचं पोट वरून भरायचं, खालून पेटवायचं आणि भाजलेला चुना खालच्या तोंडातून पहारीने ओढत राहायचा. सव्वीस वर्षं हेच. या सव्वीस वर्षांत त्याच्या भुवया दोनदा जळल्या होत्या, एका कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं आणि हाताची बोटं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. चुन्याला ओल दिसली की तो सोडत नाही. घामेजल्या हातावर बसला की आधी चरचरतो, मग कातडं सोलतो आणि मागून जे नवं कातडं येतं त्याला रेघाच नसतात. भट्टीवर तीन हंगाम काढलेल्या कुणाच्याही बोटाला रेघ सापडायची नाही.

यात कुणाचं काही अडत नव्हतं. पहार धरायला रेघा लागत नाहीत. पण मग मजुरी हातात मिळायची बंद झाली, खात्यात जमा व्हायला लागली, आणि महिन्याच्या अखेरीस मोटारसायकलवरून मशीनवाला यायला लागला. तरतरीत माणूस, तोंडाने गोड, कपड्याला कडक इस्त्री. गोण्यांच्या शेडमध्ये टेबल टाकायचा, त्यावर हाताएवढं यंत्र ठेवायचा. यंत्राच्या काचेवर बोट ठेवलं, हिरवा दिवा लागला, की तो पेटीतून पैसे काढून द्यायचा. बँक चाळीस कोसांवर, तेव्हा हीच बँक.

पहिल्याच दिवशी, खाती उघडताना, हिरवा दिवा लागेना. बोटं धुऊन पाहिली, तेल लावून पाहिली, केसांवर घासून पाहिली. एका म्हाताऱ्या गाडीवानाने दहाच्या दहा बोटं लावून झाल्यावर विचारलं, "पायाचा अंगठा लावू का?" सगळे पोट धरून हसले. मशीनवाला मात्र घाम पुसत होता.

तेवढ्यात भट्टीवाल्याची बायको नवऱ्याचा डबा घेऊन आली. लग्नानंतर पहिल्याच हंगामात भट्टीच्या धुराने तिचा दम कोंडला होता, तेव्हापासून ती घरी बसून चुन्याच्या गोण्या शिवायची. बोटाला चामड्याची टोपी चढवून शिवायची, त्यामुळे बोटं शाबूत. मशीनवाल्याचं लक्ष गेलं.

"वहिनी, जरा बोट द्या बघू इकडे."

तिने ठेवलं. हिरवा दिवा लागला.

"चला, मिटलं," मशीनवाला म्हणाला. "यंत्राला माणूस कळत नाही, रेघा कळतात. खाती सगळ्यांची आपापली. बोट तेवढं वहिनींचं लावू. दर महिन्याला ह्याच आल्या म्हणजे झालं."

कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. गावात एकाकडे शिडी असली की सगळे तीच नेतात, तसलंच हे. वस्तीने तिचं नाव बोटवहिनी पाडलं. पगाराच्या दिवशी ती शेडमध्ये खुर्चीवर बसायची आणि त्रेचाळीस माणसं एकेक करून तिच्या शेजारी उभी राहायची. "वहिनी, बोट जपा हं, आमचा संसार त्याच्यावर," अशी थट्टा व्हायची. तिच्या सरपणाची मोळी कुणीतरी न सांगता दाराशी आणून टाकायचं. तिलाही ते आवडायचं. लग्न होऊन आल्यापासून वस्तीत 'दमेकरी' एवढीच तिची ओळख होती. आता लोक तिची वाट बघायचे.

दुसऱ्या हंगामात एका संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, ते यंत्र एकदा बोट ठेवून घेत नाही हल्ली. दिवा लागतो, तरी मशीनवाला म्हणतो, पुन्हा ठेवा, घेतलं नाही. एकेका माणसामागे तीन-तीन, चार-चार वेळा. आज मी मोजलं. माणसं त्रेचाळीस आणि बोट ठेवलं एकशे सत्तर वेळा."

तो हातांना तेल चोळत होता. त्या दिवशी भट्टीत दगड अडकला होता आणि तो दुपारभर पहार मारून दमला होता.

"यंत्राचं दुखणं ते," तो म्हणाला. "तुझं काय जातं त्यात?"

"दिवा लागलेला मला दिसतो ना पण. कुणाला तरी विचारावं का?"

"कुणाला विचारणार? मशीनवाल्यालाच?" तो हसला. तीही थोडी हसली, आणि विषय संपला.

तो विषय तेव्हाच धरला असता तर! पुढे हे त्याच्या मनात किती वेळा आलं त्याची गणती नाही.

खाती गोठली त्याच्या चौथ्या दिवशी राज्याच्या आर्थिक गुन्ह्यांच्या विभागातून एक जीप आली. तीत तिघे होते. ड्रायव्हर, मांडीवर लॅपटॉप घेऊन टाइप करणारा एक पोरगेला कारकून आणि एक पन्नाशीच्या बाई. करडे केस, सपाट चपला, दातदुखीने एक गाल सुजलेला. वस्तीने त्यांना तपासबाई म्हणायला सुरुवात केली. शाळेला सुट्टी होती. तिथल्याच एका खोलीत त्यांनी लहान मुलांचं बाक टेबल म्हणून घेतलं.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पटांगणात बसवून सांगितलं, "तुमच्या खात्यांमधून दोन वर्षं दुसऱ्याच लोकांचा पैसा फिरलाय. फोन करून फसवलेली माणसं आहेत ती. कुणाची म्हातारपणाची ठेव, कुणाचा उपचाराचा पैसा. तो पगाराच्या दिवशी तुमच्या खात्यात यायचा आणि तासाभरात पुढे जायचा. प्रत्येक वेळी पुढे पाठवताना इथल्या कुणाचं तरी बोट लागलंय. त्रेचाळीस खाती आणि बोट एकच. ते कसं, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय."

मशीनवाला तर पंधरा दिवसांपासून पसार होता. उरलं बोट.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीच्या तोंडाशी मुकादमाने माणसं गोळा केली. चुना ओढायचं काम चालूच होतं, भट्टी कुणाच्या तपासासाठी थांबत नाही. भट्टीवाला पहार आत घालून ढेकूळ सोडवत होता, दोघे फावड्याने घमेली भरत होते. धगीने सगळ्यांचे चेहरे लाल.

"नीट ऐका," मुकादम म्हणाला. "मशीनवाला सात महिने खर्चापुरतंच देत होता, बाकीची मजुरी आत अडकलीय. खातं आपलं आहे असं सांगितलं तर पैसा आपला. बोट दुसऱ्याचं होतं असं एकदा तोंडातून गेलं, की खातं खोटं आणि आतला पैसा सरकारजमा. वर लबाडी केली म्हणून आत जाल ते वेगळंच."

"मग काय सांगायचं?" गाडीवानाने विचारलं.

"माझं खातं, माझं बोट. बास. पुढचं ठाऊक नाही."

"आणि वहिनी?" कुणीतरी हळूच म्हणालं.

मुकादमाने भट्टीवाल्याकडे पाहिलं नाही. "बाईमाणूस आहे. तिला कोण काय करणार आहे? दोन दिवस विचारतील आणि सोडतील. तुमच्या चुली सात महिन्यांच्या आहेत."

भट्टीवाल्याची पहार हातात तशीच राहिली. बोलायची ती वेळ होती. आजूबाजूला बेचाळीस माणसं होती, रोज त्याच्या हाताखाली राबणारी, आणि त्यातली निम्मी तरी त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने पहार पुन्हा आत घातली. भट्टीचं तोंड जास्त वेळ उघडं ठेवून चालत नाही, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि ते खरंही होतं.

संध्याकाळी घरी आला तेव्हा ती गोण्या शिवत बसली होती. दिवसा तिचा जबाब झाला होता.

"सगळं सांगितलं मी," ती म्हणाली. "बोट का लावायचे, कधीपासून, सगळं. मशीनवाला पुन्हापुन्हा ठेवायला लावायचा तेही. बाई म्हणाल्या, हे तुम्ही तेव्हा कुणाला बोलला होता का? मी म्हटलं, नवऱ्याला बोलले होते. तुम्हाला आठवतंय ना?"

"आठवतंय."

"उद्या तुम्हाला बोलावणारेत. तेवढं सांगा म्हणजे झालं. बाकीच्यांचं जाऊ दे, ते घाबरलेत. घरच्या माणसाने सांगितलं की पुरे."

"मुकादम म्हणतो, खातं जाईल."

तिने सुई थांबवली. "खातं गेलं तर गेलं. माझ्यावर चोरी येतेय, अहो."

"बघू," तो म्हणाला. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याने 'बघू' म्हटलं की त्याचा अर्थ 'हो' असाच व्हायचा, म्हणून तिने पुढे काही विचारलं नाही. पुन्हा सुई घेतली.

त्याची पाळी दुपारी आली. शाळेच्या व्हरांड्यात मुकादम बाकावर बसला होता. भट्टीवाला आत गेला तरी मुकादमाचं खाकरणं खिडकीतून ऐकू येत होतं. खोलीत मुलांच्या उंचीची बाकं होती. त्यावर बसल्यावर त्याचे गुडघे छातीला लागले. तपासबाईंनी सुजल्या गालावर ओला रुमाल धरला होता.

"तुमचं खातं कुणाच्या बोटाने उघडलं?"

"माझ्या."

"पैसे काढताना बोट कोण लावायचं?"

"मीच."

"मग तुमच्या बायकोचं बोट तुमच्या खात्यावर कसं आलं?"

बाहेर मुकादम खाकरला. "मला ठाऊक नाही," भट्टीवाला म्हणाला.

बाईंनी रुमाल खाली ठेवला आणि थोड्या पुढे झुकल्या. आवाज हळू केला, इतका हळू की त्याला चांगला कान पुढे करावा लागला.

"शांतपणे आठवा. मशीनवाल्याबद्दल तुमच्या बायकोने तुम्हाला कधी काही सांगितलं होतं? जास्त वेळा बोट ठेवायला लावतो, शंका येते, असलं काही?"

हे त्यांनी त्याच्यापुढे दार उघडून धरण्यासारखं होतं. त्याला ते कळलंही. 'हो' म्हणायचं, एवढंच. पण आधीची तीन उत्तरं पाठीशी उभी होती. आता हो म्हटलं तर ती तिन्ही खोटी ठरणार, सरकारी माणसापुढे खोटं बोललो हे दिसणार, खातं जाणार. कारकुनाची बोटं लॅपटॉपवर वाट बघत थांबली होती.

"नाही," तो म्हणाला. "काही सांगितलं नव्हतं."

कारकुनाने टाइप केलं. मग कागद छापून सगळं वाचून दाखवलं. वाचताना ते फार सरळ आणि स्वच्छ वाटत होतं. 'माझ्या पत्नीने काय केले याची मला माहिती नाही. तिने मला त्याबाबत कधीही काही सांगितलेले नाही.' त्याने आयुष्यात बायकोला पत्नी म्हटलेलं नव्हतं.

"बरोबर आहे?" बाईंनी विचारलं.

"हो."

"लिहिता येत नसेल तर इथे अंगठा."

त्याने शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि कागदावर टेकवला. उचलला तर खाली नुसता निळा डाग. एक रेघ नाही. बाई त्या डागाकडे बघत राहिल्या, मग त्यांनी बाजूच्या गठ्ठ्यातले चार-पाच कागद उचलून त्याच्यापुढे पसरले. सगळ्यांखाली तसलेच निळे डाग.

"तुम्ही सदतिसावे," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणतात माझं बोट. आणि सही बघा काय सांगतेय."

त्याने अंगठ्याची शाई बाकाच्या कडेला पुसली.

"जबाब बदलायचाय?"

खिडकीबाहेर खाकरणं थांबलं होतं. मुकादम ऐकत होता. भट्टीवाल्याने मान हलवली, नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप त्यांच्या दाराशी आली. तिला शहरातल्या कचेरीत नेणार होते, पुढच्या चौकशीसाठी. तिने पिशवीत कपड्याचा एक जोड आणि दम्याच्या औषधाची बाटली घातली. शेजारपाजारची दारं अर्धवट उघडी होती. बाहेर कुणी आलं नाही.

"सतरा गोण्या झाल्यात," ती म्हणाली. "अठराव्या गोणीचं तोंड राहिलंय. घ्यायला आले तर सतराच द्या, अर्धवट देऊ नका. जेवण झाकून ठेवलंय."

"बरं."

जीपमध्ये चढताना तिने मागे वळून विचारलं, "तुम्ही सांगितलंत ना?"

"सांगितलं," तो म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झाला. त्या एका शब्दावर भरवसा ठेवून ती जीपमध्ये बसली. तो चढाव संपेपर्यंत जीपकडे बघत उभा राहिला, आणि मग भट्टीवर गेला, कारण आग वाट बघत नाही.

तीन दिवस ती आली नाही. तो वेड्यासारखा काम करत होता. दुसऱ्यांच्या पाळीतलाही चुना ओढला, वर चढून दगडाचे थर स्वतः लावले. पाणी मारून चुना विझवायच्या हौदापाशी एरवी तो नव्या माणसाला पाठवायचा, कारण वाफेने डोळे जातात. आता तिथंही तोच. डाव्या मनगटावर पाणी-चुना उडून तळहाताएवढी जागा सोलली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, लागलं जरा."

वस्तीतले लोक आता त्याच्याशी जरा जास्तच चांगले वागत होते. गाडीवानाने तंबाखू पुढे केली. शेजारच्या काकूंनी जेवण पाठवलं. मुकादमाने पाठीवर हात ठेवून म्हटलं, "सगळ्यांचं भलं केलंस बाबा." आपली माणसं आपल्याला धरून आहेत असं यातून वाटावं, पण ते जेवण त्याने तसंच झाकून ठेवलं. घरी गेल्यावर तो अठराव्या गोणीपुढे बसायचा. एकदा त्याने तिचं तोंड शिवायला सुई घेतली. त्या गुळगुळीत बोटांत सुई ठरेना. दोनदा पडली, तिसऱ्यांदा सापडली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ती एकटीच बसमधून उतरली. तो शेडमध्ये होता, तसाच धावत गेला. ती वाळली होती आणि दम लागून दर दहा पावलांवर थांबत होती. त्याने पिशवी घेतली. तिने घेऊ दिली.

"सोडलं?"

"सोडलं. मी साक्षीदार आहे म्हणाल्या. आरोपी नाही."

"त्रास दिला का?"

"नाही. जेवायला दिलं. झोपायला बाकडं दिलं. बाईंनी स्वतःचा औषधाचा फवारा दिला एकदा, त्यांनाही दम्याचा त्रास आहे."

घरात येऊन ती पाणी प्यायली, भांडं जागेवर ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणाले, माझ्यावर विश्वास नसेल तर माझ्या नवऱ्याला विचारा. त्या म्हणाल्या, विचारलंय. मग त्या पोराने वाचून दाखवलं."

तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. ती भांडेल, रडेल, निदान तोंड सोडेल, याची तो वाट बघत होता. तीन दिवस त्याने तिच्या शिव्या मनातल्या मनात ऐकल्या होत्या आणि त्यांना उत्तरंही तयार ठेवली होती. ती तांदूळ निवडायला बसली.

वीस दिवसांनी मजुरी सुटली, सगळ्यांची. खाती कुणाच्याही बोटाने उघडलेली असोत, भट्टीच्या हजेरीपटावर नावं होती, मजुरी त्या माणसांचीच, असा हुकूम निघाला. सरकारजमा वगैरे काहीच होणार नव्हतं. मुकादमाने ते कुठून ऐकलं होतं देव जाणे, की ऐकलंच नव्हतं. त्याला कुणी विचारलंही नाही. लोक पुन्हा "वहिनी, वहिनी" करायला लागले. गाडीवान दारावरून जाताना ओरडला, "काय बोटवहिनी, बोट ठीक ना?" तिने मान वर केली नाही. तो दुसऱ्यांदा ओरडला नाही.

ती नवऱ्याशी बोलायची. जेवायला वाढलंय, तेल संपलंय, मनगटाला मलम लावा. ती मलमही लावून द्यायची. पण शेडमध्ये आज काय झालं, कोण काय म्हणालं, आपल्याला काय वाटलं, हे जे ती सुई चालवता चालवता रोज सांगायची, ते बंद झालं. त्याला आठवत होतं त्याप्रमाणे आधी तो त्या बोलण्याकडे फारसं लक्ष द्यायचा नाही. आता घरात नुसता गोणपाटातून दोरा ओढल्याचा आवाज यायचा आणि तो कान देऊन बसायचा.

शेवटी एक दिवस त्याने भट्टी दुसऱ्याच्या हवाली केली. सव्वीस वर्षांत आजारपण सोडून पहिल्यांदा. धुतलेला सदरा घातला आणि बसने शहरात गेला. कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. तीन तास बसल्यावर तपासबाईंनी आत बोलावलं. त्यांचा गाल आता बरा होता. टेबलावर, खुर्च्यांवर, जमिनीवर फायलींचे गठ्ठे होते. तसल्या वस्त्या राज्यात किती असतील, ते त्या गठ्ठ्यांवरून दिसत होतं.

"जबाब बदलायचाय," तो म्हणाला.

"बदलता येत नाही. पहिला आहे तसा राहतो. दुसरा त्याच्या खाली जोडता येतो."

"जोडा मग."

त्याने सगळं सांगितलं. बोट तिचंच. खातं उघडतानाही तिचंच. एकशे सत्तर वेळा ठेवलं म्हणाली होती, मी म्हटलं तुझं काय जातं. कारकुनाने टाइप केलं.

"आधी खोटं का सांगितलं, असंही लिहावं लागेल," बाई म्हणाल्या.

"भीतीने."

"कशाच्या?"

खातं जाईल म्हणून, मुकादम बाहेर होता म्हणून, सगळे तसंच म्हणत होते म्हणून. यातलं एकही कारण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत पुरेसं वाटेना.

"नुसतं भीतीने लिहा," तो म्हणाला.

त्याने निळा डाग उमटवला. बाईंनी कागद फाइलला लावला, आणि तो उठताना म्हणाल्या, "तुमच्यापैकी एकानेही त्या दिवशी तिच्या बाजूने तोंड उघडलं असतं, तर मी तिला इथे आणलंच नसतं. तिचं बोलणं खरं होतं हे मला दिसत होतं. पण एकटीच्या बोलण्यावर मला सोडता येत नाही. तुम्हाला मी दोनदा विचारलं."

"हो," तो म्हणाला. "विचारलंत."

वस्तीत पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. नळाला पाणी आलेलं होतं. भट्टी सुटून सगळी माणसं, बायका, मुकादमसुद्धा, तिथं हातपाय धुवायला जमली होती. तो घाईघाईने घरात शिरला. ती दाराशी उजेडात बसून गोणी शिवत होती.

"दुसरा जबाब देऊन आलो," तो म्हणाला. "खरं सगळं. तू मला म्हणाली होतीस तेही. लिहून घेतलं त्यांनी, फाइलला लावलं."

सुई चालू होती. "त्यांना ते आधीच ठाऊक होतं."

"तरी. लिहिलेलं बरं."

"पहिला मला वाचून दाखवला होता," ती म्हणाली. "दुसरा कोण वाचून दाखवणार?"

"मी सांगतो ना."

"मला नको. मला ठाऊकच आहे काय झालं ते." तिने दोरा दाताने तोडला आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "वस्ती म्हणते, नवऱ्यानेसुद्धा हात वर केले, म्हणजे बाईचं काहीतरी असणारच. काकूंनी माझ्या तोंडावर म्हटलं परवा. सगळी नळावर आहेत आत्ता. तिथं जाऊन सांगा. चार वाक्यं तर आहेत."

"आत्ता?"

"आत्ता."

तो निघाला. नळ दारापासून पंधरा पावलांवर. चालताना त्याने चार वाक्यं मनात नीट लावली. बोट तिचं होतं, आपण सगळ्यांनी मागितलं होतं. शंका तिला आली होती, मला सांगितली होती. मी खोटं बोललो. तुम्हीपण बोललात. शेवटचं वाक्य म्हणायचं की नाही, एवढंच ठरत नव्हतं.

नळापाशी गडबड होती. गाडीवान मानेवर पाणी घेत होता. काकू कुणाला तरी हसत होत्या. मुकादम दगडावर बसून चपला धूत होता, त्याने वर पाहिलं. मग एकेकाने पाहिलं, आणि पाण्याच्या आवाजाशिवाय सगळं शांत झालं. अख्खी वस्ती त्याच्या बोलण्याची वाट बघतेय, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"काय रे, काय झालं?" मुकादमाने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "पाणी आलंय का बघायला आलो."

"आलंय की," काकू म्हणाल्या. "दिसत नाही का? बादली कुठाय तुमची?"

कुणीतरी हसलं, आणि पुन्हा गडबड सुरू झाली. तो वळला. दार उघडंच होतं, पण ती आता दाराशी बसलेली नव्हती. उंबऱ्याबाहेर, त्याला उचलता येईल अशी, रिकामी बादली काढून ठेवलेली होती.